‘देअर्ज अ रायट गोइंग ऑन’ : ‘पुरे’ म्हणणारे कोणी नसताना

फंक, म्हणजे ठेक्यावर उभे असलेले काळ्या अमेरिकनांचे नृत्यसंगीत, हे एकट्याने वाजवायचे संगीत नव्हे. त्याची घडणच तशी आहे. गायक आणि वाद्यवृंदप्रमुख जेम्स ब्राउनने १९६५ ते १९६७ या काळात ‘पापाज गॉट अ ब्रँड न्यू बॅग’ आणि ‘कोल्ड स्वेट’ या गाण्यांतून जो ढाचा बसवला, त्यात सुरावटीपेक्षा मात्रांच्या वाटणीला अधिक मोल आले. बास, ड्रम, गिटार, ट्रम्पेट, सॅक्सोफोन यांपैकी प्रत्येकाने आपला छोटासा तुकडा पुनःपुन्हा वाजवायचा, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर सगळ्यांनी ठामपणे एकत्र यायचे आणि उरलेल्या मात्रांत दुसऱ्यासाठी जागा सोडायची, हा त्या संगीताचा अलिखित करार आहे. ब्राउन चुकणाऱ्या वादकांना दंड करीत असे, ही गोष्ट त्याच्या करड्या स्वभावाचा किस्सा म्हणून सांगितली जाते. मला मात्र त्यात त्या कराराची अपरिहार्यता दिसते, कारण एका वादकाने अर्धी मात्रा जास्त घेतली की दुसऱ्याच्या वाट्याची जागा नाहीशी होते. आता असे संगीत एकाच माणसाने, एकामागून एक वाद्य स्वतः वाजवून, एकेक ट्रॅक भरत तयार केले, तर कोण कोणासाठी जागा सोडणार? आणि तोच माणूस संगीतनिर्माताही असेल, तर गाणे झाले की नाही हे कोण ठरवणार?

या प्रश्नाचे सर्वांत विलक्षण, आणि काहीसे भीतीदायक, उत्तर स्लाय स्टोनच्या १९७१ सालच्या ‘देअर्ज अ रायट गोइंग ऑन’ या अल्बममध्ये आहे. मुखपृष्ठामागे नाव आहे ‘स्लाय अँड द फॅमिली स्टोन’ या वाद्यवृंदाचे, म्हणजे एका कुटुंबाचे. पण आत जे ऐकू येते ते बव्हंशी एका माणसाने बंद घरात केलेले काम आहे. गीते त्याची, संगीतरचना त्याची, वाद्यांची मांडणी त्याची, निर्मिती त्याची, आणि बास, गिटार, कीबोर्ड यांचा मोठा भागही त्यानेच वाजवलेला. स्लाय जून २०२५ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी गेला. तेव्हा लिहिल्या गेलेल्या बहुतेक मृत्युलेखांत त्याच्या उमेदीच्या काळाचे, वुडस्टॉक या १९६९ च्या प्रचंड संगीत महोत्सवाच्या रंगमंचाचे वर्णन होते आणि या अल्बमला ‘अंधारलेला’ हे एक विशेषण लावून पुढे जाण्याची रीत पाळली गेली होती. मला या अंधाराची बांधणी पाहण्यात अधिक रस आहे.

स्लायचे मूळ नाव सिल्व्हेस्टर स्ट्यूअर्ट. जन्म १९४३ चा, टेक्सासमधल्या डेंटनचा. वाढला मात्र कॅलिफोर्नियातल्या व्हॅलेहो गावात, चर्चमध्ये भावंडांबरोबर गात. त्याची कारकीर्द गायक म्हणून नावारूपाला येण्याआधीच निर्माता म्हणून सुरू झाली होती, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. सॅन फ्रान्सिस्कोच्या ऑटम रेकॉर्ड्स या छोट्या कंपनीसाठी त्याने १९६४ मध्ये बॉबी फ्रीमनचे ‘कमॉन अँड स्विम’ हे गाणे केले आणि ते देशभर गाजले. बो ब्रमल्ससारख्या गोऱ्या रॉक वाद्यवृंदाचे ध्वनिमुद्रणही त्यानेच केले. त्याच काळात तो केसोल या रेडिओ केंद्रावर निवेदक होता. म्हणजे स्टुडिओत वादक आणि निर्माता यांच्यामधल्या काचेच्या अलीकडे बसून इतरांच्या वादनाला आकार देणे, कोणता टेक, म्हणजे एका वेळचे मुद्रण, ठेवायचा आणि कोणता टाकायचा हे ठरवणे, आणि ते गाणे शेवटी एखाद्या मोटारीतल्या रेडिओवर कसे वाजेल याचा अंदाज बांधणे, ही कामे तो विशीच्या सुरुवातीलाच शिकला होता. पुढे १९७१ मध्ये गढूळ आवाजाचा अल्बम त्याच्या हातून निघाला, तो त्याला स्वच्छ आवाज काढता येत नव्हता म्हणून नव्हे.

वाद्यवृंद जमला तो १९६६ च्या अखेरीस आणि १९६७ च्या आरंभी. भाऊ फ्रेडी गिटारवर, बहीण रोझ (ती थोडी नंतर आली) कीबोर्डवर, लॅरी ग्रॅहम बासवर, ग्रेग एरिको ड्रमवर, सिंथिया रॉबिन्सन ट्रम्पेटवर आणि जेरी मार्टिनी सॅक्सोफोनवर. काळे आणि गोरे, स्त्रिया आणि पुरुष एकाच रंगमंचावर, आणि स्त्रिया केवळ झील धरण्यासाठी नव्हे तर वादक म्हणून, हे त्या काळच्या अमेरिकेत अपूर्व होते. ‘डान्स टू द म्युझिक’ या १९६८ च्या गाण्यात तर प्रत्येक वाद्याची ओळख करून देत एकेकाला आत बोलावले जाते. गाण्याचा विषयच मुळी ‘आम्ही एकत्र कसे वाजवतो’ हा आहे. ‘एव्हरीडे पीपल’ १९६९ मध्ये बिलबोर्ड या नियतकालिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले, त्याच वर्षी ‘स्टँड!’ हा अल्बम आला, आणि ऑगस्टमध्ये वुडस्टॉकला पहाटेच्या काळोखात या वाद्यवृंदाने लाखोंच्या जमावाला जागे केले.

लॅरी ग्रॅहमविषयी एक तपशील येथे सांगितला पाहिजे. बासच्या तारेवर अंगठ्याने ठोका द्यायचा आणि दुसऱ्या बोटाने तार ओढून सोडायची, ही पुढे फंकची खूण ठरलेली पद्धत त्याने आईबरोबर वाजवताना काढली. आईच्या त्या छोट्या संचात ड्रमवादक नव्हता. म्हणून ड्रमच्या पायठोक्याचे काम अंगठ्याकडे आणि वरच्या फटक्याचे काम बोटाकडे आले. एका वादकाच्या अनुपस्थितीतून दुसऱ्याच्या हाताला सापडलेली ही युक्ती आहे. काही वर्षांनी त्याच ग्रॅहमच्या वाद्यवृंदातून पुन्हा ड्रमवादक नाहीसा झाला. फरक इतकाच की या वेळी त्याची जागा माणसाने भरून काढली नाही.

१९६९ अखेरच्या ‘थँक यू’ या गाण्यानंतर जवळजवळ दोन वर्षे नवे काही बाहेर आले नाही. कंपनीने, म्हणजे एपिकने, वाट पाहून १९७० च्या नोव्हेंबरात जुन्या गाण्यांचा संग्रह काढला आणि तो तडाखेबंद खपला. स्लाय दरम्यान लॉस एंजेलिसला राहायला गेला होता, कार्यक्रमांना उशिरा पोचत होता किंवा पोचतच नव्हता, आणि कोकेनसह इतर अमली पदार्थांच्या पुरता आहारी गेला होता. २७ जुलै १९७० रोजी शिकागोच्या ग्रँट पार्कमधल्या मोफत कार्यक्रमात वाद्यवृंदाने एकही सूर लावण्याआधीच जमाव आणि पोलीस यांच्यात दंगल पेटली. कार्यक्रम चुकवण्याची ख्याती आधीच पसरलेली असल्यामुळे लोकांचा संयम सुटला, असे त्याचे एक कारण सांगितले जाते. हा सारा इतिहास अनेकांनी अनेकदा लिहिला आहे, म्हणून मी त्यात रेंगाळत नाही.

अल्बमचा मोठा भाग बेल एअर भागातल्या भाड्याच्या बंगल्यात घडला. तेथे स्लायने ध्वनिमुद्रणाची सामग्री घरातच बसवून घेतली होती. वाद्यवृंदातले सभासद येत, पण एकत्र नव्हे. एकेकाने यावे, आपला भाग वाजवून जावे, आणि तो भाग अंतिम ध्वनिमुद्रणात राहील याची शाश्वती नसावी, असा प्रकार चालू होता. बॉबी वोमॅक आणि बिली प्रेस्टनसारखे बाहेरचे कलावंत येऊन वाजवत होते. ग्रेग एरिको १९७१ मध्ये वाद्यवृंद सोडून गेला. काही गाण्यांत खरे ड्रम आहेत. पण अल्बमचा कणा आहे तो मॅस्ट्रो ऱ्हिदम किंग नावाची पेटी, जिला स्लाय ‘फंक बॉक्स’ म्हणत असे.

या पेटीबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आजच्या ड्रम मशीनच्या कल्पनेने तिच्याकडे पाहिले तर घोटाळा होतो. तिच्यात ठेका रचता येत नसे. बोसा नोव्हा, साम्बा, फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ असे नाचाचे तयार ठेके कारखान्यातूनच भरलेले असत. बटण दाबायचे, लय कमी-जास्त करायची, एवढेच. घरी किंवा हॉटेलात एकट्याने ऑर्गन वाजवणाऱ्याला साथ मिळावी, हा तिचा उद्देश. आवाजही खऱ्या ड्रमचे मुद्रण नव्हे, तर विद्युत मंडलातून निर्माण झालेली टिकटिक, फुसफुस आणि पोकळ ठणठण. गंभीर संगीतकाराने नाक मुरडावे असे हे यंत्र. पण त्यात एक फट होती: एकाच वेळी एकाहून अधिक बटणे दाबली की दोन ठेके एकमेकांवर चढत आणि कारखान्याने कधी कल्पिलाच नव्हता असा तिसरा ठेका उमटे. शिवाय फंकची सम पेटीच्या समेवरच ठेवली पाहिजे असे बंधन नव्हते; यंत्र आपल्या मात्रेने चालत राहते आणि बास भलत्याच ठिकाणी आपली पहिली मात्रा मांडतो, असेही करता येत होते. स्लायने याचा अभ्यास आधीच करून ठेवला होता. त्याच्या स्वतःच्या स्टोन फ्लॉवर या लेबलसाठी १९७० मध्ये त्याने लिटल सिस्टर या गायिकांच्या संचाची गाणी केली, त्यांत ही पेटी वाजते. ती ड्रमवादक गेल्यावर आलेली अडगळ नव्हती, एवढे त्यावरून स्पष्ट होते.

आता ‘फॅमिली अफेअर’ लक्ष देऊन ऐकावे. पेटीची टिकटिक, तिच्यावर बिली प्रेस्टनचा इलेक्ट्रिक पियानो, बाजूला बॉबी वोमॅकची गिटार, आणि रोझचा आवाज गाण्याची ओळ घेऊन येतो. त्यानंतर स्लाय गातो, पण पूर्वीसारखा ललकारत नाही. खर्जात, ओठ माइकला जवळजवळ टेकवून, शब्द अर्धे गिळत. चार वर्षे ज्याचा आवाज गर्दीच्या डोक्यावरून जात होता, तो आता एकाच माणसाच्या कानाशी बोलतो आहे. या गाण्यात सर्वांत अधिक काय ऐकू येत असेल तर एरिकोचे नसणे: एखाद्या कडव्याच्या शेवटी ड्रमवादक जो फिरका घेऊन गाण्याला पुढच्या घरात ढकलतो, तो येथे येत नाही. पेटीला कडवे संपल्याचे कळत नाही. त्यामुळे दोन भावांची, एका नवविवाहित जोडप्याची जी ओळख गाण्यात येते, ती कोठेही चढत नाही की उतरत नाही. ज्या घरातून कोणालाच बाहेर पडता येत नाही अशा घराची ही लय आहे. हे गाणे डिसेंबर १९७१ मध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि ड्रम मशीनच्या ठेक्यावर इतक्या उंचीवर पोचलेल्या अगदी सुरुवातीच्या गाण्यांत त्याची गणना होते. अल्बमही बिलबोर्डच्या यादीत अव्वल ठरला. इतके एकांतातले संगीत इतक्या लोकांनी विकत घेतले, याचे मला अजूनही नवल वाटते.

गढूळपणाचे काय? त्याला तांत्रिक कारण आहे, आणि ते स्वयंनिर्मितीशी थेट जोडलेले आहे. अनेक ट्रॅकच्या फितीवर एक भाग मुद्रित करायचा, तो पुसून त्याच जागी दुसरा भरायचा, जागा संपली की दोन-तीन ट्रॅक एकत्र करून एकावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या जागी पुन्हा मुद्रण करायचे, या प्रत्येक कृतीची किंमत असते. फितीवरून फितीवर किंवा ट्रॅकवरून ट्रॅकवर उतरवले की मूळचा फितीचा सूसू आवाज आणि नव्या मुद्रणाचा सूसू आवाज एकत्र होतात. आणि फीत यंत्राच्या मुखावरून शेकडो वेळा घासून गेली की तिच्यावरच्या चुंबकीय थराचे कण झिजतात. सर्वांत आधी जातात ते वरचे, तीक्ष्ण स्वर: झांजेची धार, गिटारच्या तारेचा पहिला स्पर्श, ‘स’ आणि ‘श’ यांची कड. राहतो तो मधला आणि खालचा भाग. या अल्बमवर स्लायने नेमके हेच, पुनःपुन्हा, केले. बाहेरचा निर्माता असता तर त्याने एका टप्प्यावर हात धरला असता; फीत संपत आली, पैसे संपत आले, किंवा ‘परवाचा टेकच चांगला होता’ असे काहीतरी म्हटले असते. येथे काचेच्या दोन्ही बाजूंना एकच माणूस होता. म्हणून या अल्बमवर जो गढूळ थर ऐकू येतो, त्याला मी ‘ध्वनिमुद्रणातला दोष’ म्हणायला तयार नाही. निर्णय न होण्याला किती वेळ लागला, त्याची ती नोंद आहे. एरवी अल्बमच्या बाहेर राहणारी गोष्ट येथे आवाजातच उतरली आहे.

येथेच, हा सारा अमली पदार्थांचा परिणाम आहे, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांशी माझे मतभेद आहेत. तो परिणाम होताच, तो नाकारण्यात अर्थ नाही. पण नशेने मांडणी जमत नाही. ‘जस्ट लाइक अ बेबी’ ऐकताना कीबोर्डचा तुकडा, बासचा तुकडा आणि मागून येणारा आवाज एकमेकांच्या मात्रा कशा चुकवतात ते पाहावे: बास दोन स्वर टाकून थांबतो, त्या पोकळीत कीबोर्ड एक ओघळ सोडतो, आणि तो संपतो तेथे आवाज उगवतो. जेम्स ब्राउनच्या वाद्यवृंदात दंडाच्या धाकाने जी शिस्त पाळली जाई, ती येथे एकाच माणसाने, निरनिराळ्या दिवशी, स्वतःच स्वतःसाठी जागा राखून पाळली आहे. फरक पडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. माणसे एकत्र वाजवतात तेव्हा एकमेकांकडे पाहून सगळी मिळून लय किंचित पुढे रेटतात. एकटा माणूस आधीच मुद्रित झालेल्या स्वतःच्या मागे मागे वाजवतो, त्याला उत्तर देता येते, पण प्रश्न बदलता येत नाही. या अल्बममधला जडपणा, सतत किंचित मागे रेलल्याची भावना, बऱ्याच अंशी त्यामुळे आहे असे मला वाटते.

सर्वच गाणी सारख्या तोलाची नाहीत. ‘स्पेस्ड काउबॉय’मध्ये पेटीच्या ठेक्यावर स्लाय काउबॉयांच्या थाटात योडलिंग करतो, म्हणजे आवाज झटक्यात खालून वर उलटवत गातो, हा विनोद मला पहिल्या मिनिटानंतर पेलत नाही, आणि असा विनोद ठेवू नकोस हे सांगायला कोणीतरी हवे होते. ‘पोएट’ अर्धवट वाटते. ‘ब्रेव्ह अँड स्ट्राँग’ चांगले आहे, पण त्याच्यासारखे गाणे जुन्या वाद्यवृंदाने अधिक चांगले केले असते. याउलट ‘रनिंग अवे’ हे वरवर अगदी हलके, ट्रम्पेटच्या गोड ओळीवर तरंगणारे गाणे, त्यातल्या खोट्या हसण्यामुळे संपूर्ण अल्बममधले सर्वांत निर्दय गाणे ठरते. पळून जाणाऱ्या माणसाला ते हसते, आणि पळणारा कोण हे सांगण्याची गरज राहत नाही. ‘टाइम’मध्ये पेटी, कीबोर्ड आणि आवाज यांपलीकडे फारसे काहीच नाही, स्लाय एकेका अक्षरावर इतका रेंगाळतो की पेटीची टिकटिक हीच त्या गाण्यातली एकमेव जबाबदार व्यक्ती वाटू लागते.

पण माझ्या मते अल्बमचा खरा पेच दोन लांब गाण्यांत आहे. पहिल्या बाजूच्या शेवटी येणारे ‘आफ्रिका टॉक्स टू यू’ पावणेनऊ मिनिटांच्या आसपास चालते. त्याच्या उत्तरार्धात गायन जवळजवळ विरते आणि बास, गिटार, कीबोर्ड यांचे तुकडे एकमेकांभोवती फिरत राहतात, जसे काही वाजवणारा उठून गेला आहे आणि यंत्र बंद करायचे राहून गेले आहे. दुसऱ्या बाजूच्या शेवटी येते ‘थँक यू फॉर टॉकिंग टू मी आफ्रिका’. १९६९ चे ‘थँक यू’ ज्यांनी ऐकले आहे त्यांना हे शब्द ओळखीचे वाटतील, कारण शब्द तेच आहेत. मूळ गाण्यात ग्रॅहमच्या अंगठ्याच्या ठोक्यांनी जमीन हादरते, सगळा वाद्यवृंद एका झटक्यात समेवर येतो आणि लगेच उसळतो. येथे तेच शब्द ठाय लयीत, सात मिनिटांहून अधिक काळ, ओढत नेले जातात. बास प्रत्येक ठोक्यापूर्वी विचार करतो, आणि आवाज ओळीच्या शेवटाला पोचेपर्यंत दमतो. कलावंताने आपल्याच गाजलेल्या गाण्याची उजळणी करण्याची उदाहरणे पुष्कळ आहेत; आपल्याच विजयगीताची साक्ष तपासण्यासाठी ते पुन्हा उभे करण्याचे इतके कठोर उदाहरण मला दुसरे माहीत नाही. अन्य कोणी निर्माता असता, तर दोन वर्षांपूर्वी पहिल्या क्रमांकावर गेलेले गाणे असे करू देण्यास तो तयार झाला असता काय, याची मला दाट शंका आहे. स्वयंनिर्मितीचा तोटा ‘स्पेस्ड काउबॉय’मध्ये दिसतो, तसा लाभ येथे दिसतो, आणि दोन्हींचे कारण एकच आहे.

शीर्षकगीताची लांबी मूळ तबकडीवर शून्य मिनिटे शून्य सेकंद अशी छापली होती; म्हणजे गाणेच नाही. दंगली नसाव्यात असे मला वाटत होते, असे स्पष्टीकरण स्लायने पुढे कित्येक वर्षांनी दिले. अल्बमचे शीर्षक हे त्याच वर्षीच्या मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या प्रश्नाला दिलेले उत्तर आहे, असे मानण्याची प्रथा आहे. मुखपृष्ठावर तांबडा, पांढरा आणि निळ्याच्या जागी काळा अशा रंगांचा अमेरिकेचा ध्वज, त्यावर ताऱ्यांऐवजी सूर्य, आणि नाव किंवा शीर्षक काहीच नाही. हेही एका माणसाच्या शब्दावर झाले. विक्री विभागाला मग गाजलेल्या गाण्याचे नाव सांगणारी चिकटपट्टी लावून समाधान मानावे लागले.

हा अल्बम ऐकून संगीतकार लगेच कामाला लागले. जाझवादक माइल्स डेव्हिसच्या १९७२ च्या ‘ऑन द कॉर्नर’वर स्लायची छाप आहे आणि दुसरा जाझवादक हर्बी हॅनकॉक याने १९७३ च्या ‘हेड हंटर्स’मध्ये एका रचनेचे नावच ‘स्लाय’ ठेवले. पण माझ्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत ते एकट्याने काम करणारे दुसरे कलावंत. स्टीव्ही वंडरने १९७२ च्या ‘म्युझिक ऑफ माय माइंड’पासून बहुतेक वाद्ये स्वतः वाजवायला सुरुवात केली, तथापि त्याच्याजवळ माल्कम सेसिल आणि रॉबर्ट मार्गोलेफ ही जोडी होती, सिंथेसायझर सांभाळणारी, आणि टेक ऐकणारी. शगी ओटिसने एपिकसाठीच केलेला ‘इन्स्पिरेशन इन्फर्मेशन’ हा अल्बम १९७४ मध्ये आला, तेव्हा तो वीस वर्षांचा होता. तेथेही ताल-पेटी आहे, बहुतेक वाद्ये त्याचीच आहेत, आणि पूर्ण व्हायला इतका काळ लागला की कंपनीचा धीर सुटला. पुढे कित्येक दशके त्याचा नवा अल्बम आला नाही.

आणि प्रिन्स. १९७८ च्या त्याच्या पहिल्या ‘फॉर यू’ अल्बमवर निर्मिती, मांडणी, रचना आणि वादन या सर्वांपुढे त्याचेच नाव आहे. तरी कोवळ्या वयाच्या मुलावर कंपनीने टॉमी व्हिकारी या अनुभवी माणसाला कार्यकारी निर्माता म्हणून नेमले होते. तो अल्बम अतिशय नेटका आहे, आणि मला तो निर्जीव वाटतो. दोन वर्षांनी ‘डर्टी माइंड’साठी त्याने मिनेसोटातल्या घरच्या स्टुडिओत कच्ची मुद्रणे केली, आणि ती कच्चीच ठेवून प्रसिद्ध करण्याचा निर्णय घेतला. स्लायच्या अगदी उलट्या दिशेने जाणारी ही स्वयंनिर्मिती आहे: एकाने पुसून पुसून फीत झिजवली, दुसऱ्याने पहिल्या खर्ड्यावर हात ठेवून ‘हेच’ असे म्हटले. दोघांच्याही पाठीशी ‘पुरे’ म्हणणारे कोणी नव्हते, पण प्रिन्सने तो आवाज स्वतःत तयार केला होता. त्याच्या अफाट उत्पादनाचे हेच रहस्य असावे. पुढे नव्वदीच्या दशकात त्याने लॅरी ग्रॅहमला आपल्या संगतीत आणले, ही गोष्ट मला केवळ भक्ती वाटत नाही. ज्या घरातून एकट्याने वाजवण्याची वाट निघाली, त्या घरातला माणूस त्याला शेजारी हवा होता.

स्लायचा पुढचा अल्बम, १९७३ चा ‘फ्रेश’, बऱ्याच जणांना अधिक आवडतो, आणि कारण उघड आहे. ग्रॅहम तोवर वाद्यवृंद सोडून गेला होता, पण ड्रमवर अँडी न्यूमार्क हा तरुण आला होता. ‘इन टाइम’ या पहिल्याच गाण्यात पेटी वाजत राहते आणि न्यूमार्क तिच्याभोवती, तिच्या मात्रांच्या मधल्या फटींत, असे काही ठोके टाकतो की कित्येक ड्रमवादक आजही त्या गाण्याची मोजणी करत बसतात. ‘रायट’मध्ये ज्याला उत्तर देता येत होते पण प्रश्न बदलता येत नव्हता, त्याला येथे पुन्हा समोर माणूस मिळाला आहे, आणि संगीत श्वास घेऊ लागते. तरीही स्लायचा हात थांबला नव्हता. त्याने ही गाणी पुनःपुन्हा मिसळली, म्हणजे त्यांचे वेगवेगळे ट्रॅक निरनिराळ्या प्रमाणात एकत्र केले. त्यांतली एक निराळी प्रत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला चुकून सीडीवर छापली गेली, आणि ‘इन टाइम’ वगळता संपूर्ण अल्बमच दुसऱ्या मिश्रणात लोकांच्या घरी पोचला. मूळ ‘फ्रेश’ ज्यांना तोंडपाठ होता ते गोंधळले. काही ठिकाणी आवाज वेगळा, काही ठिकाणी वाद्ये कमी. दोन्ही प्रती शेजारी ठेवून ऐकल्या, तर काही गाण्यांत मला ती चुकून आलेली प्रतच अधिक मोकळी, अधिक बरी वाटते, आणि त्या गाण्यांपुरती मी तीच ऐकतो.